नाशिकला घराचं काम सुरू आहे, पुण्यातून लक्ष कसं ठेवायचं?

गोदाकाठची_लेक
नमस्कार. मखमलाबाद शिवारात ४० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला, मिळून साधारण १,८०० चौरस फूट. आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (लोखंड-काँक्रीटचं डिझाइन करणारे इंजिनिअर) वेगवेगळे आहेत. ठेकेदार मटेरियलसकट चौरस फुटाच्या दराने काम करतोय. फुटिंगचे (कॉलमच्या पायाचे) खड्डे खणून झालेत, पुढच्या आठवड्यात पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळयांचं काँक्रीट.

मी पुण्याला असते, महिन्यातून दोन रविवार येता येतं. बाबा रोज संध्याकाळी साइटवर चक्कर मारतात, पण नेमकं काय बघायचं ते त्यांना माहीत नाही. ठेकेदार रोज चार-पाच फोटो पाठवतो, त्यांत सगळं छानच दिसतं. कोणत्या टप्प्याला काय तपासायचं, कशाचे फोटो मागायचे, आणि "इतके टक्के काम झालं" म्हटल्यावर पैसे कशाच्या आधारावर द्यायचे? दुसरा स्लॅब पावसाआधी पडायला हवा, असं ठेकेदार म्हणतो. जानेवारीत सुरुवात झाली आहे, तर ते जमण्यासारखं आहे का?

ओळंबा
ताई, बांधकामात पुढचा टप्पा मागच्याला झाकत जातो. खड्ड्याचा तळ पीसीसीखाली जातो, फुटिंगची जाळी काँक्रीटमध्ये, फुटिंग भरावाखाली, पाइप प्लास्टरमागे. म्हणून बाबांनी रोज मुकादमाला एकच प्रश्न विचारायचा: "उद्या काय झाकलं जाणार?" जे झाकलं जाणार ते आज बघायचं, त्याचाच फोटो काढायचा.

ठेकेदाराला आत्ताच लेखी द्या की खड्ड्याचा तळ, फुटिंगचं लोखंड, प्लिंथ (जोत्याच्या) बीमचं लोखंड, प्रत्येक स्लॅबचं लोखंड, प्लास्टरआधीचे पाइप आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, या सहा ठिकाणी कन्सल्टंटचा माणूस बघून गेल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. कन्सल्टंटच्या फीमध्ये किती व्हिजिट धरल्या आहेत तेही विचारून घ्या. बऱ्याचदा फक्त स्लॅबच्या धरलेल्या असतात आणि फुटिंगला कोणी येतच नाही.

तुमच्याकडे सध्या सगळ्यात महत्त्वाचा आहे तो खड्ड्याचा तळ. नाशिकला काही ठिकाणी दोन फुटांवर मुरूम लागतो, तर काही ठिकाणी, विशेषतः जुन्या शेतजमिनीच्या प्लॉटमध्ये, काळी माती बरीच खोल जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं फुटिंग तिच्याबरोबर हलतं. दोन-तीन पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघाल्या, तर कारण बहुधा इथेच सापडतं. ड्रॉइंगमध्ये पाच फूट लिहिलंय म्हणून पाच फुटांवर थांबायचं नसतं, पक्क्या थरावर थांबायचं असतं. सगळ्या खड्ड्यांत तळाला पहार मारून बघायला सांगा. पक्क्या मुरुमावर पहार खणकन वाजते आणि उसळते, मातीत ती मुकाट्याने वीतभर आत जाते. एखाद्याच खड्ड्यात माती लागली तर तेवढा खड्डा आणखी खाली न्यायचा आणि कन्सल्टंटला फोन करायचा. त्या खड्ड्यात दगड-माती टाकून लेव्हल करून घेऊ नका.

पीसीसी १:४:८ ची, चार इंच जाड. त्यावर कॉलमच्या मध्यरेषांची आखणी होते, तेव्हा कर्ण मोजायचे. घर ३० बाय ३० धरलं तर दोन्ही कर्ण ४२ फूट ५ इंच यायला हवेत. दोघांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर आखणी गुण्यात (काटकोनात) नाही. आत्ता दुरुस्ती दोरी सरकवून होते. नंतर तो फरक फरशीच्या शेवटच्या ओळीत तिरका तुकडा होऊन दिसत राहतो. सामासिक अंतरंही (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) त्याच वेळी टेपने मोजा.

फुटिंगच्या जाळीखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे) हवेत. दगडाचे किंवा फरशीचे तुकडे लावलेले दिसले तर काढायला लावा, ते सरकतात आणि सळई थेट पीसीसीवर बसते. कॉलमला कव्हर ४० मिलिमीटर. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, त्यामुळे कॉलमच्या रिंगांचं टोक ९० अंशात नुसतं वाकवून चालत नाही. ते १३५ अंशात आत वळलेलं आणि वळणानंतर किमान ६५ मिलिमीटर लांब हवं. बारबेंडरला (सळया वाकवणाऱ्याला) हे जास्तीचं काम वाटतं, म्हणून पहिल्या दहा रिंगा तयार झाल्या की लगेच बघा. दोनशे झाल्यावर सांगितलं तर कोणी बदलत नाही. एक हूक हातात घेऊन टेप लावून फोटो काढा.

कॉलम भरताना काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून टाकायचं नाही, असं आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सांगतं. दहा फुटी कॉलम एका दमात वरून भरला की खडी आधी खाली जाते, मसाला सळयांना चिकटून वर राहतो. मग शटर (साचा) काढल्यावर बुडाशी नुसती खडी दिसते. कॉलम दोन टप्प्यांत भरा किंवा शटरला मध्यावर खिडकी ठेवा. शटरच्या बुडाची फट गोणपाटाने किंवा मसाल्याने बंद झाली आहे का तेही बघा, सिमेंटचं पाणी तिथूनच निसटतं. खडी उघडी पडलेली दिसली तर लिंपून घेण्याआधी फोटो थेट कन्सल्टंटला.

प्लिंथच्या भरावात खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जाऊ देऊ नका. मुरूम आणा, सहा ते आठ इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने ठोकून घ्या. तळमजल्याची फरशी मध्यभागी बसते ती एका दिवसात तीन फूट भराव ओतल्यामुळे. ड्रेनेजचे पाइप प्लिंथ बीममधून जाणार असतील तर तिथे स्लीव्ह (पाइप जाण्यापुरती नळी) आधीच टाका, नंतर बीम फोडायचा नाही. भरावावरची वाळवीची फवारणी तो ठोकून झाल्यावर आणि कोब्याआधी, एवढ्याच वेळात होऊ शकते.

जोत्यापर्यंत आलात की आर्किटेक्टकडून महापालिकेकडे जोते तपासणीचा अर्ज जाऊ द्या, त्याशिवाय वर चढू नका. बांधकाम परवानगी एका वर्षाची असते, नूतनीकरणाचे नियम आर्किटेक्टला विचारून घ्या. तारीख लिहून ठेवा.

एम_२०
ओळंबांनी पाया सांगितला, मी स्लॅबचं सांगतो. घराच्या आयुष्यातला हा सगळ्यात घाईचा दिवस, आणि चुका नेमक्या इथेच होतात.

आधी आकडे. पहिला स्लॅब ९०० चौरस फूट आणि पाच इंच जाड धरला तर १०.६ घनमीटर. स्लॅबखालचे बीम धरून साधारण साडेचौदा. एम-२० साठी (२८ दिवसांत २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद धरणारं काँक्रीट) १:१.५:३ च्या मिश्रणाला घनमीटरला आठ गोणी लागतात. म्हणजे ११५ च्या आसपास गोण्या, सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि सव्वाचार ब्रास खडी. स्लॅबच्या सकाळी साइटवर ८० गोण्या दिसल्या तर आरएमसी (प्लांटवरून गाडीने येणारं तयार काँक्रीट) येणार आहे का, एवढं विचारा. नाही म्हणाले तर काम सुरूच होऊ देऊ नका. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजणं ही बाबांना सहज जमेल अशी तपासणी आहे. गोणीवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी नको.

लोखंडाचं सोपं गणित: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. १२ मीटरची पूर्ण सळई धरली तर ८ एमएमची ४.७४ किलो, १० एमएमची ७.४, १२ एमएमची १०.६६ आणि १६ एमएमची जवळपास १९ किलो. गाडी वजनकाट्यावरून आली तर पावती मागा, नाहीतर एखादी सळई तिथेच तोलून बघा.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी वर चढून बघायचं ते असं. प्रॉप (टेकू) मातीवर उभे नकोत, खाली फळी हवी. भरावावर उभा केलेला प्रॉप पाणी मारताना खचतो आणि स्लॅबला पोट येतं. प्लेटच्या फटी चिकटपट्टीने किंवा लांबीने (पुट्टीने) बंद हव्यात. खालच्या जाळीला २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक तीन-साडेतीन फुटांवर. इलेक्ट्रिकचे पाइप खालच्या आणि वरच्या सळयांच्या मधून गेलेले हवेत, खाली प्लेटला चिकटलेले नकोत. फॅनबॉक्स खोलीच्या बरोबर मध्यावर, बाथरूमचा सन्क (खाली घेतलेला स्लॅब) ड्रॉइंगइतका खोल.

आता सगळ्यात मोठा धोका: वरच्या सळया. बाल्कनीत आणि बीमवर ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून लोखंड वर असतं. ते वर धरून ठेवायला चेअर (सळई वाकवून केलेले आधार) लागतात. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन पंचवीस-तीस माणसं त्याच सळयांवरून ये-जा करतात आणि सळया दबतात. पाच इंची बाल्कनीत वरचं लोखंड एक इंच खाली बसलं तर तिची ताकद साधारण चौथाईने घटते, आणि ते वरून कळत नाही. उपाय साधा आहे. बाल्कनीत चेअर अडीच-तीन फुटांवर ठेवा, माणसांना चालायला फळ्या टाका, आणि काँक्रीट पडायच्या पुढे एक बारबेंडर हूक घेऊन सळया वर उचलायला उभा ठेवा. बाबांनी दिवसभर फक्त बाल्कनीकडे लक्ष दिलं तरी चालेल.

पाणी. एका गोणीला २५ लिटर म्हणजे प्रमाण ०.५. वाळू ओली असेल तर त्याहून कमी, कारण वाळूतलं पाणी मोजायलाच हवं. मिक्सरवाला मसाला सरकायला सोपा व्हावा म्हणून आणखी पाच लिटर घालतो, आणि काँक्रीटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते. मिक्सरपाशी पाइप ठेवू देऊ नका, बादलीनेच पाणी. वाळू-खडी घमेल्याने न मोजता पेटीने. एक गोणी सिमेंट म्हणजे ३५ लिटर, सव्वा घनफूट, तेवढीच पेटी. घमेलं भरणारा हात बदलला की माप बदलतं.

व्हायब्रेटर दोन हवेत, एक चालू आणि एक तयार. दुपारी व्हायब्रेटरची निडल बंद पडली की उरलेलं काँक्रीट सळईने टोचून भरतात, तेच पुढे गळतं. ताकद तपासायला काँक्रीटचे सहा क्यूब (ठोकळे) भरून घ्या: तीन सात दिवसांनी, तीन २८ दिवसांनी. सात दिवसांना १३ च्या पुढे आणि २८ ला २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर यायला हवं. क्यूब मधल्या गाडीतल्या मालाचे भरा, सकाळच्या पहिल्या गाडीचे नको. साच्यातून काढल्यावर ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे असतात. साइटवर उन्हात पडलेल्या क्यूबचा रिपोर्ट कशालाच उपयोगी नाही.

क्रश सँड वापरणार असतील तर चाळलेली-धुतलेली आहे की क्रशरची नुसती डस्ट, ते बघा. मूठभर ओली करून दाबा आणि सोडा. तळहातावर राखेसारखा जाड लेप राहिला तर ट्रक परत पाठवा.

पंचवटीकर
वरच्या प्रतिसादांत भर. ताई, सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) २१ दिवसांच्या आत काढू देऊ नका. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो आठव्या दिवशीच सोडतो.

एम_२०
पंचवटीकर, सावधगिरी बरोबर आहे, पण सरसकट २१ दिवस लागत नाहीत. आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, त्यापुढे एकवीस. उभी शटर दुसऱ्या दिवशी काढता येतात.

पण त्या आकड्यांना दोन अटी आहेत, त्या ठेकेदार सांगत नाही. सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलंड) हवं आणि तापमान १५ अंशांखाली जायला नको. आपल्याकडे साइटवर बहुतेक पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं) येतं, त्याला ताकद धरायला वेळ लागतो. जानेवारीत नाशिकच्या रात्री १५ च्या बऱ्याच खाली जातात. त्यामुळे थंडीत पडलेल्या स्लॅबला सातचे दहा-बारा करा, बीम आणि बाल्कनीचे प्रॉप कन्सल्टंटने हो म्हटल्याशिवाय हलवू नका. ताईंचे स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतील, तिथे थंडीचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे. दुपारी ओतलेल्या काँक्रीटचं वरचं पाणी तासाभरात उडतं आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. मेमधला स्लॅब पहाटे सुरू करून दुपारपर्यंत संपवा, फिनिशिंग झालं की प्लास्टिक टाका. दुसऱ्या सकाळी मसाल्याचे वाफे करून पाणी भरा. पीपीसीला किमान दहा दिवस, चौदा उत्तम. कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी. गोणपाट आतून ओलं आहे का ते हात घालून बघा, बाहेरून ओलं दिसतं आणि आतून कोरडं असतं.

गोदाकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. सहा तपासण्यांची यादी ठेकेदाराला आजच पाठवली. पैशांचं आणि फोटोंचं कोणी सांगेल का? करारात "पहिला स्लॅब पडल्यावर ३० टक्के" असं लिहिलंय, आणि सुरुवातीला २० दिलेत.

साइटवही
म्हणजे पहिल्या स्लॅबपर्यंत पन्नास टक्के रक्कम ठेकेदाराकडे जाणार. हे जास्त आहे. दोन मजली घरात पाया, कॉलम, दोन्ही स्लॅब आणि विटकाम मिळून साधारण निम्मा खर्च होतो. बाकी निम्मा प्लास्टर, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, दारं-खिडक्या आणि रंगात जातो. स्लॅब पडला की डोळ्यांना घर उभं राहिलेलं दिसतं, पण पहिल्या स्लॅबला खर्चाने घर पंचवीस-तीस टक्क्यांवरच असतं. पैसे पुढे आणि काम मागे राहिलं की ठेकेदाराचं लक्ष दुसऱ्या साइटकडे जातं.

करार झालेला असला तरी पुढचे हप्ते बोलून घ्या. नव्याने ठरवायचं असतं तर मी असं मांडलं असतं: सुरुवातीला १०, जोता झाल्यावर १५, पहिल्या स्लॅबला १०, दुसऱ्याला १५, विटकाम-प्लास्टरला २०, फरशी-प्लंबिंग-वायरिंगला २५ आणि शेवटचे ५ एक पावसाळा गेल्यावर. तुमचे २० गेलेत, त्यामुळे जोत्याला फक्त ५ द्या, तिथे बरोबरी होते. स्लॅबचा हप्ता काँक्रीट पडलं त्या दिवशी द्यायचा नाही. त्यातला मोठा भाग सेंट्रिंग काढून खालून बघितल्यावर आणि क्यूबचा रिपोर्ट हातात आल्यावर. ही एकच ओळ करारात वाढवली तरी बराच फरक पडतो.

फोटोंबद्दल. प्लॉटच्या चार कोपऱ्यांत चार जागा ठरवा, खुंटी ठोका आणि दर रविवारी तिथूनच चार फोटो. एकाच जागेवरून काढलेले फोटो शेजारी ठेवले की काम कुठे थांबलंय ते लगेच कळतं. रोजच्या फोटोंपेक्षा हे जास्त बोलतात. झाकल्या जाणाऱ्या कामाच्या फोटोत उघडा टेप आणि पाटीवर खडूने तारीख नि जागा हवी, "कॉलम सी-४, फुटिंग" असं. टेपशिवायच्या फोटोत सहा इंच आणि आठ इंच सारखेच दिसतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ, जागेची माहिती निघून जाते. बाबांना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला शिकवा. फोल्डर टप्प्यांनुसार करा, तारखांनुसार नको. तीन वर्षांनी बाथरूमच्या भिंतीत ड्रिल मारायचं असेल तेव्हा तारीख आठवत नाही.

साइटवर एक जाड वही ठेवा. रोज तीन ओळी: किती माणसं आली, काय आलं, काय झालं. गवंडी किती आणि बिगारी किती हे वेगळं लिहा. चार गवंड्यांच्या जागी एक येऊ लागला की पंधरा दिवसांनी काय होणार ते आधीच कळतं. सिमेंटची आवक-जावक त्याच वहीत. सबंध घराला चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी आणि चार किलो लोखंड हा ढोबळ अंदाज धरतात, म्हणजे तुमच्याकडे ७०० च्या पुढेमागे गोण्या आणि सात टनांच्या आसपास लोखंड. प्लास्टर संपताना गोण्यांचा आकडा यापेक्षा फार मागे असेल तर हिशेब मांडायला बसा.

वेळेचं: आता खड्डे तयार असतील तर फेब्रुवारीअखेर जोता, एप्रिलच्या मध्याला पहिला स्लॅब, मेच्या शेवटी दुसरा, हे जमतं. नाशिकला पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्थिरावतो, म्हणजे हाताशी पंधरा दिवसच उरतात. फेब्रुवारीअखेर जोता झाला नाही तर मेचा आग्रह सोडा. पावसाच्या भीतीने कॉलमवर दोन दिवसांत सेंट्रिंग चढवण्यापेक्षा दुसरा स्लॅब ऑक्टोबरला गेलेला बरा. पहिल्या स्लॅबखाली विटकाम पावसातही चालतं.

कोबा
विटकाम आणि पाण्याचं कोणी बोललं नाही, ते थोडक्यात.

नाशिकला लाल विटेबरोबर फ्लाय ॲशची वीटही भरपूर मिळते, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ आहे. कोणतीही घ्या, दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐका. लाल वीट पाण्यात बुडवून घेतलेली हवी. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. एका दिवसात पाच फुटांपेक्षा उंच भिंत चढवू नका. कॉलमला किंवा बीमला भिंत भेटते तिथे प्लास्टरआधी जाळी ठोकून घ्या, रंग झाल्यावर दिसणारी सरळ उभी भेग तिथलीच असते. काँक्रीटवर टाचे (खाचा) मारल्याशिवाय प्लास्टर धरत नाही.

प्लास्टरआधी पाण्याच्या लाइनला हातपंपाने दाब देऊन काटा रात्रभर जागेवर राहतो का बघा. मग प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, टेप जमिनीपासून उभा आणि एक टेप कोपऱ्यापासून आडवा.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की आउटलेट बुजवून ४८ तास पाणी भरून ठेवा, पातळीला पेन्सिलने खूण करा आणि खालच्या खोलीतून छत बघा. ही चाचणी कोबा आणि फरशीच्या आधी घ्यायची, नंतर नाही. गच्चीलाही हेच. गच्चीच्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याला उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. पॅरापेटच्या (कठड्याच्या) बुडाशी गोलसर वाटा करून घ्या. नाशिकला पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून येतो, त्या बाजूची भिंत दोन हातांत (थरांत) प्लास्टर करा. पहिला हात १२ ते १५ मिलिमीटर वॉटरप्रूफिंग पावडर घालून, तो खरवडून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वरचा हात.

गोदाकाठची_लेक
अजून एक विचारते. कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या सळयांचा जोड मजल्याच्या मध्यावर दाखवलाय. ठेकेदार म्हणतो, सगळीकडे स्लॅबच्या वरच जोड देतात, मध्यावर द्यायचा तर लांब सळया उभ्या धरणं अवघड जातं आणि लोखंड वाया जातं. कोणाचं ऐकू?

ओळंबा
कन्सल्टंटचं, आणि यात तडजोड करू नका. भूकंपात कॉलमवर सगळ्यात जास्त ताण मजल्याच्या वर आणि खाली येतो, मध्यावर सगळ्यात कमी. म्हणून आयएस १३९२० (भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं मानक) कॉलमचा जोड मधल्या निम्म्या उंचीतच द्यायला सांगतं, आणि एका पातळीवर निम्म्यापेक्षा जास्त सळया जोडू देत नाही. आठ सळयांचा कॉलम असेल तर चार एका उंचीवर, चार वेगळ्या उंचीवर. जोडाच्या सबंध लांबीत रिंगा जवळजवळ हव्यात, अंतर ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असतं.

सळया उभ्या धरायचा प्रश्न खरा आहे, पण सुटणारा आहे. स्लॅबच्या वर कॉलमच्या चारी बाजूंना बांबू बांधून सळया आधाराला लावायच्या. लोखंड वाया जाऊ नये म्हणून कापणी आधी कागदावर मांडायची. मजला दहा फुटांचा, जोड १६ एमएमला ५० पट म्हणजे ८०० मिलिमीटर धरला तर प्रत्येक मजल्याला साधारण ३.८५ मीटरचा तुकडा लागतो. १२ मीटरच्या सळईत असे तीन बसतात आणि अर्ध्या मीटरच्या आत तुकडा उरतो. हा हिशेब ठेकेदाराला लिहून पाठवा, आणि फुटिंगमधून वर येणाऱ्या सळया कापायच्या आधी पाठवा. त्या एकदा आखूड कापल्या गेल्या की पहिल्या मजल्याचा जोड प्लिंथलाच येतो आणि मग काही करता येत नाही. तुमच्याकडे पीसीसी पुढच्या आठवड्यात आहे ना? म्हणजे सळया याच आठवड्यात कापल्या जातील, उद्याच बोला.